खोटं की चूक

निमा,

तू गेलीस यावर माझा अजून पुरता विश्वास बसलेला नाही. यात नवल काहीच नाही. माझा कशावरच पटकन विश्वास बसत नाही, हे तूच स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत फिरायचीस. दूधवाल्यावर नाही, हजेरीपटावर नाही, डॉक्टरांवर तर नाहीच नाही. तुझ्या भावाचा फोन आला तेव्हासुद्धा मी त्याला पहिलं हेच विचारलं, की नक्की का? त्या बिचाऱ्यानं सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. मग मी फोन ठेवला आणि ओट्याला धरून रडले. त्यानंतर गॅस बंद केलाय की नाही ते दोनदा बघितलं. तू असतीस तर यावर हसली असतीस.

"शांती राख ने, वैशाली. तुझ्या डोळ्यांत काय सीसीटीव्ही बसवलाय?" असं विचारणारं आता कोणी उरलं नाही. तुझी खुर्ची चित्रकलेच्या सरांनी घेतली आहे. पाठ दुखते म्हणाले. मला ते खरं वाटत नाही.

पण आज मी लिहायला बसले ती नुसत्या आठवणी काढायला नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलीस. ते पुरं करायचंय.

मी अकोल्याहून लग्न होऊन सुरतेत आले तेव्हा माझ्यासारखी शिकलेली अडाणी दुसरी नव्हती. गणिताची पदवी, वर बी.एड., आणि बसची पाटी वाचता येत नव्हती. गुजराती लिपी म्हणजे देवनागरीनं टोपी काढून ठेवलीय एवढंच, असं तू म्हणायचीस. एवढंच नव्हतं. निम्मी अक्षरं ओळखीची निघायची आणि उरलेली निम्मी फसवायची. शाळा सुटली की तू मला उधना दरवाजाच्या थांब्यावर उभी करायचीस. आधी कानात सांगायचीस, आता येईल ती सचिन गावची, तिच्यामागे कतारगाम, मग कडोदरा. ते माझ्याकडून घोकून घ्यायचीस आणि बस आली की म्हणायचीस, आता वाच. मी कुरकुर करायचे, की हे वाचन नाही गं, पाठांतर आहे, मला उत्तर आधीच माहीत आहे. त्यावर तुझं शास्त्र ठरलेलं. आधी ओठांवर येतं, मग डोळ्यांवर. दिवाळीपर्यंत मी दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. तरी तुझं शास्त्र मला पटलं नाही ते नाहीच. उत्तर आधी फोडून शिकवणं मला तेव्हापासूनच खटकत होतं.

आणि आपल्या मराठी शाळेतला, वर्गातला तो पहिला दिवस. मी मुलांना वडील काय करतात ते विचारलं आणि निम्म्या वर्गानं उठून सांगितलं, खात्यात आहेत. मला वाटलं, बाप्पा, सगळी सरकारी माणसांची पोरं दिसतात. एकाला विचारलंही, कोणत्या खात्यात, बांधकाम की पाणीपुरवठा? तो म्हणाला, लूमच्या. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात हे मला कोण सांगणार? तू हे ऐकून इतकी हसलीस की चहा साडीवर सांडला. तुझेही वडील खात्यातच होते. नंदुरबारकडून येऊन त्यांनी जन्मभर माग चालवले आणि तू त्या खडखडाटात मोठी झालीस. म्हणून माझा आवाज एवढा मोठा, असं तूच सांगायचीस.

त्या आवाजामुळेच भांडण सुरू झालं. आपल्या दोन वर्गांच्या मधे पत्र्याचं पार्टिशन. मी फळ्यावर समीकरण मांडत असायचे आणि पलीकडून तुझं चाललेलं असायचं, "खोटं. परत लिही. हे पण खोटं." मला कसंतरीच व्हायचं. शेवटी मी तुला गाठलं आणि म्हटलं, पोरगं चुकलं असेल तर चूक म्हण, खोटं काऊन म्हणतेस? चुकणारा काही खोटारडा नसतो. तू डोळे मोठे केलेस. सुरतेत चुकलेलं उत्तर खोटंच असतं, गुजराती शाळेत फुली मारताना हेच म्हणतात, यात शिवी कुठे आली, असं तुझं म्हणणं. मी म्हटलं, मराठीत खोटं म्हणजे जाणूनबुजून केलेलं. चूक हातून होते, खोटं मनातून येतं. भाषा शिकवणारी तू, आणि हे मी गणितवालीनं तुला सांगायचं का? माझा वऱ्हाडी शब्द पकडून तू म्हणालीस, "आली मोठी काऊनवाली."

कित्येक वर्षं हे चाललं. अखेर तू तडजोड केलीस. तुझ्यापुढे चूक म्हणेन, पोरांपुढे खोटं, असं म्हणालीस आणि शब्द पाळलास. माझ्याशी बोलताना ती जागा आली की तू किंचित थांबायचीस, ठेच लागल्यासारखी, आणि मग जपून 'चूक' म्हणायचीस. तुझं ते थांबणं मला फार आवडायचं. कधी बोलले मात्र नाही.

पत्र्यापलीकडून तुझी जोडाक्षरंही ऐकू यायची. नववीच्या घोड्यांना तू बालवाडीसारखं शिकवायचीस. द म्हणजे दादा, ध म्हणजे धाकटा. शुद्ध लिहा, बुद्धी लिहा. धाकटा दादाच्या मांडीवर बसतो. दादा कधी धाकट्याच्या मांडीवर बसतो का? सगळा वर्ग ओरडायचा, नाही. मी इकडे कपाळाला हात लावायचे. मुलं दहावीच्या उंबरठ्यावर आली आणि ही अजून मांडीवर बसवतेय, असं मी तुला ऐकवलंही होतं.

मग संस्थेनं ती सक्तीची वाचन-लेखन चाचणी आणली. नववीतल्या ज्या मुलाला न पाहिलेला उतारा वाचता येणार नाही आणि चार ओळी नीट लिहिता येणार नाहीत, त्याला दहावीत बसवायचं नाही. नियम मला पसंत होता, तुला नव्हता. इतकी वर्षं आपण शिकवलं नाही आणि शिक्षा पोरांना, असं तू भर सभेत बोललीस. आणि मग ज्याला कोणी हात लावायला तयार नव्हतं तो कच्चा गट तू स्वतः मागून घेतलास. परीक्षेचं काम माझ्याकडे, लेखी पेपर तपासणं तेवढं भाषेची म्हणून तुझ्याकडे. म्हणजे शिकवणारी तू आणि पकडणारी मी.

त्या गटात रोशनी होती. लांब वेणीची, मागच्या बाकावरची, नाव घेतलं की टेबलाच्या पायाकडे बघणारी. काना-मात्रा यायच्या, पण जोडाक्षर आलं की तिचं घोडं अडायचं. तिची आई साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणते. रोशनीलाही त्याच कामाला बसवायचं घाटत होतं. तिचे वडील शाळेत आले तेव्हा मी तिथेच होते. तू त्यांच्याशी अहिराणीत बोलत होतीस, त्यामुळे मला अर्धंच कळत होतं, आणि अर्धं कळलं की माझा संशय दुप्पट होतो. शेवटचं वाक्य मात्र मला पूर्ण कळलं. "वाचता उनं ते पुढे धाडसू बेन, नहीं ते घर राही." वाचता आलं तर पुढे, नाहीतर घरी. तू त्यांना एवढंच म्हणालीस, की वाचेल.

तेव्हापासून माझं लक्ष होतं. शाळा सुटल्यावर तू गटाला घेऊन बसायचीस आणि दार लोटून घ्यायचीस. दार कशाला लोटायचं? मी गेले की आतला कलकलाट एकदम थांबायचा. का थांबायचा? एक दिवस तू माझ्या टेबलावर पोंक आणून ठेवलास, ताज्या कोवळ्या ज्वारीचा, वर शेव घालून, आणि सहज विचारल्यासारखं विचारलंस, उतारा कुठला काढलास गं यंदा? मी पोंक खाल्ला आणि उतारा सांगितला नाही. उतारे ठेवलेल्या कपाटाची किल्ली मात्र त्या दिवसापासून पर्समध्ये न ठेवता कमरेला लावली.

चाचणीच्या दिवशी रोशनी माझ्यासमोर उभी राहिली. उतारा एका नावाड्याचा होता. तिनं कागद हातात घेतला आणि घडाघडा वाचला. एकदाही अडली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, डोळ्यांकडे बघत होते. ते ओळींवरून सरकत नव्हते, निमा. कागदाच्या मधोमध एका जागी खिळले होते. पान उलटायचं तिथे ती न उलटताच पुढचे शब्द म्हणाली आणि मग घाईनं पान उलटलं. मी तिला पास केलं, कारण नियमात वाचन लिहिलं होतं, डोळे लिहिलेले नव्हते. संध्याकाळी मी तुला म्हटलं, रोशनीनं फारच छान वाचलं गं. तू डब्याचं झाकण लावत म्हणालीस, हो ना, मला पण नवल वाटलं. झाकण नीट बसलेलं होतं, तरी तू ते परत परत दाबत होतीस.

घरी जाताना मला सारखा तो जुना प्रसंग आठवत होता. अकोल्याला माझ्या आईचं जास्त झालं होतं आणि मी रजेचा अर्ज न देताच निघून गेले होते. नियमानं माझ्यावर शेरा यायचा. तू मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलंस, की वैशालीनं अर्ज माझ्या हातात दिला होता, माझ्याकडूनच हरवला. शेरा तुझ्यावर आला. मी परतले तेव्हा तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. आईला उतार पडला का, तेवढं विचारलंस आणि माझ्या डब्यात भरीत वाढलंस. ते उपकार मी कधी विसरणार नाही. पण त्याच उपकारामुळे मला हेही पक्कं ठाऊक होतं, की डोळ्याला डोळा भिडवून तू खोटं बोलू शकतेस. माझ्यासाठी बोललीस, मग रोशनीसाठी का नाही बोलणार?

मी तुला स्पष्ट विचारणार होते. उत्तरायण होऊ दे, मग बसू, असं मनाशी ठरवलं होतं. पण उत्तरायणाला तू आमच्या गच्चीवर पतंग बघायला आलीच नाहीस. ताप आला होता. मग कावीळ निघाली, मग दवाखाना.

दवाखान्यात तू मला ओळखलंस. वहिनीशी अहिराणीत, नर्सशी गुजरातीत आणि माझ्याशी मराठीत बोलत होतीस, पण तापात तिन्ही एकमेकींत मिसळत होत्या. मी निघाले तेव्हा माझं मनगट धरलंस. "वैशाली, रोशनीचा पेपर खोटा आहे. तू बघून घे." एवढं बोलून डोळे मिटलेस.  'खोटा' म्हणताना तू थांबली नव्हतीस. ती नेहमीची ठेच लागली नव्हती. चुकलेल्याला माझ्यापुढे चूक म्हणायचं हे आपलं ठरलेलं, म्हणजे खोटा तो माझ्या अर्थानं खोटा. मग तू कबुली देत होतीस का? की तापाच्या भरात आपल्या सुरतेच्या शब्दावर गेली होतीस, आणि पेपर तपासताना काही चुकलंय एवढंच सांगत होतीस? दुसऱ्या दिवशी विचारायला आले तर तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस. त्यानंतर तू काही बोललीच नाहीस.

रोशनीचा पेपर मी काढून बघितला, हे तुला सांगायला नको. एका साफ चुकलेल्या उत्तराला तू गुण दिले होते, म्हणजे तुझ्या अर्थानं खोटं. ते गुण काढले तरी ती पास होत होती. आणि अक्षर तिच्या एरवीच्या अक्षरापेक्षा फार नेटकं होतं, म्हणजे कदाचित माझ्या अर्थानं खोटं. पेपरला विचारून काही उपयोग झाला नाही.

अशात संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावलं. कच्चा गट सगळाच्या सगळा पास झाला, त्यावर त्यांच्या कानावर काहीबाही आलं होतं. त्यांनी सरळ विचारलं, परीक्षा तुमच्याकडे होती, तुम्हाला काही संशय आहे का? असेल तर दहावीची यादी थांबवू आणि या गटाची चाचणी पुढच्या वर्षी परत घेऊ. नसेल तर शोकसभेआधी तसं सांगा, यादी पाठवून देतो. पुढचं वर्ष म्हणजे रोशनीच्या घरी काय, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुझ्याशिवाय तो गट परत उभा कोण करणार, हेही माहीत होतं. आणि संशय आहे का, हा प्रश्न त्यांनी अख्ख्या सुरतेत नेमका मला विचारावा.

शोकसभेच्या दिवशी सकाळी दाराजवळचा फळा मी स्वतः लिहिला, तुझं पूर्ण नाव घालून. चित्रकलेच्या सरांना हात लावू दिला नाही. 'आमच्या लाडक्या शिक्षिका निर्मलाबेन यांना भावपूर्ण श्रध्दांजली. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.' कडेनं रंगीत खडूची वेल काढली. डोळे भरून येत होते आणि त्याच वेळी मनात चाललं होतं, की जिच्यावर आपला विश्वास नाही तिच्यासाठी आपण वेलबुट्ट्या काढतोय.

रोशनी त्या दिवशी लवकर आली होती. फळ्याजवळ घुटमळत होती. मी तिला पुढ्यात उभं केलं आणि म्हटलं, वाच. न पाहिलेला उतारा पाहिजे होता ना, तो हा. हा तरी तू तिला आधी दिला नसशील.

तिनं घडाघडा वाचलं नाही. बोट हवेत धरून ती एकेक अक्षर उचलत वाचू लागली. 'शिक्षिका'ला अडली, मागे गेली, परत आली. तुझ्या नावाशी थांबली आणि ओढणीनं नाक पुसलं. 'भावपूर्ण' नीट म्हणाली. तिचे डोळे सरकत होते, निमा. शब्दाशब्दाला टेकत, सावकाश, पण सरकत होते. म्हणजे नावाडी तिला पाठ होता, याबद्दल मला आता शंका उरली नाही. आणि तिला वाचता येत होतं, याबद्दलही उरली नाही. मला उधना दरवाजाचा थांबा आठवला आणि कानाशी आलेला तुझा आवाज. आधी ओठांवर, मग डोळ्यांवर.

पुढच्या शब्दाशी ती गप्प झाली. मला वाटलं, अडली. मी सांगणार, तोच ती खाली बघत हळूच म्हणाली, "बेन, हे खोटं आहे."

 माझी श्रद्धांजली खोटी आहे हे मला ठाऊक होतं, पण या पोरीला कोणी सांगितलं? मी कसंबसं विचारलं, काय खोटं आहे?

"इथे दादा धाकट्याच्या मांडीवर बसलाय."

मी फळ्याकडे बघितलं. 'श्रध्दांजली'त ध अर्धा आणि द पूर्ण. पत्र्यापलीकडून इतकी वर्षं ऐकत आले, कपाळाला हात लावत आले, आणि शेवटी तुझ्याच फळ्यावर मी उलटं लिहिलं. मी खडू तिच्या हातात दिला. तिनं ते अक्षर तळव्यानं पुसलं आणि धाकट्याला दादाच्या मांडीवर नीट बसवलं. अशा वेळी खोटं म्हणू नये, चूक म्हणावं, असं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. तुझा तेवढा एक शब्द राहू दे तिच्याकडे.

उतारा कुठून मिळाला हे मी तिला विचारलं नाही. ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. किल्ली माझ्या कमरेला होती, मग तू पोचलीस कशी? की जुन्या पुस्तकांतले सगळेच उतारे त्या पोरांकडून घोकून घेतलेस आणि त्यात माझा नावाडी निघाला? तुझ्या बाबतीत दोन्ही शक्य आहे. मला तुझा रागही येतो आणि तुझी आठवण आली की काही सुचेनासंही होतं. वर भेटलीस की पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, तेव्हा उत्तर तयार ठेव. डब्याचं झाकण दाबत बसू नकोस.

मग मी हात धुतले आणि चिटणीसांच्या खोलीत गेले. त्यांनी मान वर केली.

"मला काहीही संशय नाही," मी म्हटलं. "यादी पाठवा."

त्यांनी यादी पाठवली. दुपारी शोकसभा झाली, आणि रोशनी पुढच्या रांगेत बसली होती.

दोन्ही शब्द एकच, असं तू जन्मभर म्हणत आलीस. नाहीत, बघ. मी त्यांना सांगितलं ते खोटं होतं, निमा. पण चूक नव्हतं.